पोटात खड्डा का पडतो?

आकाशपाळणा, लिफ्ट, एसटीची मागची सीट, घाटातला उंचवटा यांबद्दल वाचकांचे प्रश्न बरेच दिवस येत आहेत. त्यांचं मूळ एकच असल्यामुळे या अंकात त्यांची उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : जत्रेत आकाशपाळण्यात बसलं की वरून खाली येताना पोटात खड्डा पडतो. पोटातले अवयव खरोखर हलतात, की ही नुसती भीती? आणि वर जाताना तसं का होत नाही? – एक वाचक, कराड

अवयव खरोखर हलतात. भीतीचाही वाटा असतो, पण तो थोड्या उशिरानं येतो.

गुरुत्वाकर्षण आपल्याला थेट जाणवत नाही. जाणवतो तो त्याला मिळालेला आधार. खुर्चीवर बसलो की खुर्ची खालून रेटते आणि तो रेटा म्हणजेच आपल्याला कळणारं आपलं वजन. शरीराच्या आतही हेच चालू असतं. सुमारे दीड किलोचं यकृत उजव्या बाजूला श्वासपटलाखाली स्नायुबंधांनी बांधलेलं असतं. जठर वर अन्ननलिकेशी आणि खाली लहान आतड्याच्या सुरुवातीशी पक्कं असतं, मधे मात्र मोकळं. लहान आतड्याची कित्येक मीटर लांब वेटोळी मेसेंटरी नावाच्या पडद्याला लटकलेली असतात आणि हा पडदा पाठीमागच्या भिंतीला जेमतेम १५ सेंटिमीटरच्या रेषेत चिकटलेला असतो. म्हणजे उभ्या किंवा बसलेल्या माणसाच्या पोटात या बंधांवर आणि पडद्यांवर सतत ताण असतो. तो जन्मभराचा असल्यामुळे मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो.

आता भाजीनं भरलेली पिशवी हातात धरा आणि हात झटकन खाली न्या. पिशवीतला माल तेवढाच राहतो, पण तिच्या बंदांवरचा ताण क्षणभर सैल होतो. पाळणा खाली येताना पोटात नेमकं हेच घडतं. बैठक खाली जाते, तिच्याबरोबर सांगाडाही जातो आणि अवयवांना वर धरून ठेवण्याचं काम हलकं होतं. ताणलेले बंध थोडे आखडतात आणि अवयव किंचित वर सरकतात. श्वासपटलही वर ढकललं जातं, म्हणून त्याच क्षणी श्वास अडकल्यासारखं होतं.

आतड्यांच्या भिंतीत आणि या पडद्यांत ताण मोजणारी चेताटोकं असतात. त्यांतली काही, उदाहरणार्थ पॅसिनीच्या कणिका, दाब बदलतो तेव्हाच संदेश पाठवतात आणि दाब स्थिर झाला की गप्प होतात. हे संदेश व्हेगस चेता आणि मज्जारज्जूकडे जाणाऱ्या चेतांमार्फत मेंदूपर्यंत पोचतात. पोटातल्या संवेदनांची जागा मेंदूला बोटाच्या टोकाइतकी अचूक सांगता येत नाही. म्हणून ‘आतडं वर सरकलं’ असं न वाटता बेंबीच्या वर कुठंतरी पोकळी झाली, गोळा आला, असं काहीसं वाटतं. जर्मन शास्त्रज्ञ होर्स्ट मिटेलश्टेट यांनी १९९०च्या दशकात मांडलं की धडातसुद्धा, म्हणजे मूत्रपिंडांच्या भागात आणि मोठ्या रक्तवाहिन्यांतल्या रक्ताच्या भारातून, गुरुत्वाची जाणीव होते. शरीराचा तोल फक्त कानच सांभाळतात ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

कानाचं काम मात्र सर्वांत झटपट चालतं. अंतर्कर्णात युट्रिकल आणि सॅक्यूल नावाच्या दोन पिशव्या आहेत. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक जेलीसारख्या थरावर बसलेले असतात. उभ्या दिशेतला वेगबदल मुख्यतः सॅक्यूल टिपते. आधार अचानक गेला की सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत पायांचे स्नायू आखडायला लागतात. आपण पडतो आहोत हे मनाला कळण्याआधीच शरीर आपटण्याची तयारी करतं. त्यामागोमाग अॅड्रिनलिन येतं, छाती धडधडते, तळहात घामेजतात आणि पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. हा भाग म्हणजे भीती. पहिला खड्डा तिच्या आधीचा असतो, म्हणून अजिबात न घाबरणाऱ्या माणसालाही तो जाणवतो.

आता आकाशपाळण्याचा हिशेब. पाळण्याची त्रिज्या ७ मीटर आणि एका फेरीला १० सेकंद धरले, तर केंद्राकडे होणारं त्वरण साधारण २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या पाव भागाहून थोडं जास्त. ६० किलोच्या माणसाला अगदी वरच्या टोकाला आपण ४३ किलोचे वाटतो आणि तळाशी ७७ किलोचे. पाळणेवाल्यानं वेग निम्मा केला की हा फरक चौथ्या हिश्शावर येतो, जेमतेम ४ किलो. लंडन आयचं चक्र १२० मीटर व्यासाचं असलं तरी त्याला एका फेरीसाठी सुमारे अर्धा तास लागतो. तिथं ६० किलोच्या माणसाच्या वजनात पडणारा फरक ४-५ ग्रॅमचा. म्हणून एवढ्या उंचीवरही पोटाला काही कळत नाही. उंची नव्हे, वेग किती झपाट्यानं बदलतो यावर सगळं ठरतं.

वर जाताना का होत नाही? गणितानं पाहिलं, तर वरच्या अर्ध्या वर्तुळात चढताना वजन जितकं घटतं तितकंच उतरतानाही घटतं. पण चढताना डोळ्यांना आकाश दिसतं आणि आपण वर जातोय हे ठाऊक असतं, त्यामुळे पोटाचा संदेश दबून जातो. उतरताना जमीन अंगावर येते आणि डोळे, कान, पोट तिघंही एकच सांगतात. दुसरं कारण यंत्राचं आहे. जत्रेतल्या पाळण्यात माणसं एका बाजूला जास्त बसली, तर ती बाजू खाली येताना चाक वेग घेतं. जाणकार पाळणेवाला समोरासमोरच्या बैठका जोडीनं भरतो. तसं होत नसेल, तर पुढच्या फेरीला बसा.

प्रश्न : लिफ्टमध्ये वजन खरंच कमी होतं का? घरच्या घरी तपासता येईल का? – इयत्ता नववीचा विद्यार्थी, नाशिक

वस्तुमान बदलत नाही, वजनकाट्यावरचा आकडा बदलतो. इमारतीतल्या लिफ्टचं त्वरण साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग किंवा त्याहून कमी असतं. तेवढं धरलं तर ६० किलोचा माणूस लिफ्ट खाली निघताना ५४ किलो भरेल आणि खाली थांबताना ६६. वर जाणारी लिफ्ट थांबतानाही आकडा ५४ कडेच झुकतो, म्हणून वरच्या मजल्यावर पोचतानाही पोटात तसंच होतं. मधल्या मजल्यांवर वेग एकसारखा असतो, तेव्हा काहीच जाणवत नाही.

प्रयोगासाठी काट्याचा, म्हणजे तबकडीवर सुई फिरणारा वजनकाटा घ्या. डिजिटल काटा चालत नाही, कारण तो काही क्षणांची सरासरी काढतो आणि आकडा स्थिर झाला की तोच धरून ठेवतो. काटा लिफ्टच्या मध्यभागी सपाट ठेवा. गुडघे सरळ ठेवून उभे राहा आणि आधारासाठी भिंतीला हात लावू नका. दुसऱ्या कुणालातरी सुईचं स्लो मोशन चित्रण करायला सांगा, कारण सगळा खेळ सेकंद-दीड सेकंदात संपतो. वर निघताना, वर थांबताना, खाली निघताना, खाली थांबताना असे चार आकडे नोंदवा. सुई थरथरत असेल, तर तुमचे गुडघे हलताहेत असं समजा.

वजनकाटा नसेल तर फोन चालेल. जर्मनीतल्या आखेन इथल्या तांत्रिक विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत अॅप उतरवून घ्या आणि त्यातलं गुरुत्वासह त्वरण मोजणारं साधन निवडा. फोन हातात न धरता लिफ्टच्या जमिनीवर ठेवा. स्थिर असताना तो ९.८ च्या आसपास आकडा दाखवतो, लिफ्ट खाली निघाली की तो ९ च्या जवळ येतो. याच साधनानं पूर्ण वजनहीनताही बघता येते. जाड गादीवर १ मीटर उंचीवरून फोन आडवा सोडा. ०.४५ सेकंद आकडा शून्याच्या जवळ जातो. फोन गिरक्या घेत पडला तर शून्य येत नाही, म्हणून दोन्ही हातांनी सपाट धरून एकदम सोडायचा. पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही, हा विचार १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करत असताना आइन्स्टाइनला सुचला. पुढे त्यातूनच त्याचा गुरुत्वाचा सिद्धान्त उभा राहिला. तुझ्या फोनवर दिसणारं शून्य म्हणजे तीच गोष्ट.

एकाच त्वरणाची लिफ्ट कुठं सुखद आणि कुठं त्रासदायक वाटते, याचंही कारण आहे. जुन्या लिफ्टची मोटर एका झटक्यात सुरू होते. नव्या लिफ्टमधला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग आवरणारं यंत्र, तेच त्वरण हळूहळू चढवतो. पोटातली चेताटोकं बदलाला प्रतिसाद देतात आणि बदल सावकाश झाला की ती जवळजवळ शांत राहतात.

प्रश्न : एसटीच्या शेवटच्या बाकावर स्पीडब्रेकरला पोटात ढवळतं आणि पाठही आदळते. पुढं बसलेल्यांना काहीच होत नाही. असं का? – एक वाचक, बीड

हा भूमितीचा प्रश्न आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत ५ मीटर अंतर आहे आणि शेवटचा बाक मागच्या चाकांच्याही २ मीटर मागं आहे असं धरा. मागचं चाक १० सेंटिमीटर वर उचललं गेलं, की बसच्या मध्यावरची सीट ५ सेंटिमीटर वर जाते आणि शेवटचा बाक १४. मग चाक उतरतं आणि बाक तितक्याच झपाट्यानं खाली जातो. बाकानं वर उडवलेलं शरीर अजून हवेत असतं. तो क्षण म्हणजे पोटातला खड्डा. त्यानंतर शरीर खाली येतं तोवर बाक पुन्हा वर येत असतो आणि दोघांची टक्कर थेट मणक्यावर होते. हाडं ठिसूळ झालेल्या वृद्धांत अशा आदळण्यानं कमरेचा मणका दबून मोडू शकतो. त्यामुळे ही गैरसोय म्हणून सोडून देण्याजोगी बाब नाही.

वयस्कर माणसं, गरोदर बायका आणि पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी दोन्ही चाकांच्या मधल्या सीटवर बसावं. मागंच जागा मिळाली, तर पाय जमिनीवर घट्ट रोवा, समोरचा दांडा धरा आणि गतिरोधक येताना दिसला की बूड सीटवरून दोन बोटं उचला. मांड्या आणि गुडघे धक्का पचवतात, मणका वाचतो. डुलकी लागलेल्या माणसाला हे करता येत नाही, म्हणून रात्रीच्या प्रवासात मागचा बाक टाळलेलाच बरा.

याला जोडून, पत्रात न विचारलेलं पण सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते गाडी चालवणाऱ्यांसाठी. पुलाच्या किंवा चढाच्या माथ्यावरून गाडी वेगानं गेली की मुलं मागं आनंदानं ओरडतात आणि चालवणाराही पुढच्या वेळी वेग वाढवतो. माथ्याची वक्रता ५० मीटर त्रिज्येची असेल, तर ताशी ४० किलोमीटरला माथ्यावर वजन चौथाईनं घटतं. ताशी ६० ला निम्म्याहून जास्त जातं आणि ताशी ८० ला जवळजवळ काहीच उरत नाही. वेग दुप्पट केला की परिणाम चौपट होतो. जे वजन तुमच्या पोटावरून उतरतं तेच टायरवरूनही उतरतं, आणि ब्रेक व स्टिअरिंग टायरच्या त्या दाबावरच चालतात. पोटात खड्डा पडला त्या क्षणी तुमचे ब्रेक अर्धेच उरलेले असतात, आणि माथ्यापलीकडे काय उभं आहे हे त्याच क्षणी पहिल्यांदा दिसतं. दुचाकीला तर माथ्यावर पुढचा ब्रेक दाबला की हलकं झालेलं चाक लॉक होऊन घसरतं. वेग चढावरच कमी करायचा आणि माथ्यावर हँडल सरळ ठेवून ब्रेक मोकळा सोडायचा.

गतिरोधकाचंही माप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आखलेला असतो. त्या वेगात वजन तीस टक्क्यांच्या आत-बाहेर घटतं, ते सोसवतं. ताशी ४६-४७ ला हिशेबानं ते शून्यावर येतं. सस्पेन्शन त्यातला काही भाग गिळतं, पण सगळा नाही. गल्लोगल्ली लोकांनी स्वतः घातलेले अरुंद उंचवटे या मापात बसत नाहीत. त्यावर २५ सुद्धा जास्तच.

प्रश्न : मुलांना घेऊन वॉटर पार्क आणि राइड्सना जाणार आहोत. मला खाली येतानाची संवेदना सहन होत नाही. कुठं बसावं, काय करावं? – एक वाचक, ठाणे

रोलर कोस्टरमध्ये मधले डबे सर्वांत सौम्य. शेवटचा डबा माथा ओलांडतो तेव्हा पुढची निम्मी गाडी आधीच घसरत असते आणि ती त्याला खेचते. म्हणून खड्डा मागं सर्वांत मोठा. जत्रेत ज्याला ‘कोलंबस’ म्हणतात त्या जहाजाच्या झोक्यात टोकाच्या रांगा सर्वांत उंच जातात आणि तिथून जवळजवळ सरळ खाली येतात. खांबालगतच्या मधल्या रांगेत बसा. उंच मनोऱ्यावरून सोडून देणाऱ्या राइडमध्ये निवडीला वाव नाही. २० मीटरचं मोकळं पतन म्हणजे २ सेकंद आणि तळाशी ताशी सुमारे ७० किलोमीटर वेग. अशा बहुतेक राइड्सचे ब्रेक चुंबकीय असतात. कायम चुंबक आणि धातूच्या पट्ट्या एकमेकांजवळून गेल्या की विरोध आपोआप निर्माण होतो, त्याला वीज लागत नाही. त्यामुळे ‘लाइट गेली तर?’ ही काळजी नको.

बसताना कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकवा आणि कमरेवरचा दांडा मांडीला टेकेपर्यंत ओढा. मधे जागा राहिली, तर शरीर आधी उडतं आणि मग आदळतं. पडायच्या आधी पोटाचे स्नायू आवळा आणि श्वास जोर लावून सोडत राहा. स्नायू आवळल्यावर पोटातली जागा घटते आणि अवयव कमी सरकतात. ओरडण्यानंही पोट आवळलं जातं, तेव्हा मोकळेपणानं ओरडा. डोळे मिटू नका. पडण्याचा क्षण आधी दिसला की शरीर तयार राहतं आणि धक्का कमी वाटतो. पोटभर जेवल्यावर दोन तास थांबा, पण अगदी उपाशीही जाऊ नका, त्यानं मळमळ वाढते. सोडायुक्त पेयं टाळा. प्रवासात घेतात त्या गोळ्या मळमळीवर काम करतात, या क्षणिक संवेदनेवर नाही.

गरोदरपण, हृदयविकार, न आटोक्यातला रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास यांपैकी काही असेल, तर या राइड्स सोडून द्या.

प्रश्न : पॅराशूटवाल्यांना आणि अंतराळवीरांना हे सतत होत असेल का? – एक वाचक, पणजी

नाही. उडी घेण्याच्या वेळी विमान ताशी १५० किलोमीटरच्या आसपास वेगानं जात असेल, तर बाहेर पडताक्षणीच वारा शरीराला त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त बळानं रेटतो. आधार पूर्ण जातच नाही. पोटावर आडवं पडताना वेग ताशी २०० च्या सुमाराला स्थिर झाला की हवा पूर्ण वजन पेलते. स्थिर फुग्यातून उडी मारणाऱ्याला मात्र चांगलाच खड्डा जाणवतो, कारण तिथं सुरुवातीला वाराच नसतो.

अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथं गुरुत्व जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतंच. स्थानक आणि आतली माणसं एकत्र पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. वर जाताना रॉकेटचं इंजिन बंद होतं त्या क्षणी खड्डा पडल्यासारखं वाटतं, मग चेताटोकं नव्या स्थितीला सरावतात. पुढचे दोन-तीन दिवस अनेकांना मळमळ होते, पण ती वेगळी गोष्ट, कान आणि डोळे यांच्यातल्या विसंवादाची. राकेश शर्मा यांनी १९८४ च्या मोहिमेत या जुळवून घेण्यात योगासनांचा उपयोग होतो का, हे तपासण्याचे प्रयोग केले होते. जठरातली हवाही तिथं वर येऊन वेगळी होत नाही. ढेकर दिला तर द्रवही येतो, म्हणून सोडायुक्त पेयं तिथं नकोशी.

प्रश्न : दोन महिन्यांचं बाळ कुशीत गाढ झोपतं, पण पाळण्यात ठेवलं की हात फेकून दचकतं. त्यालाही पोटात असंच होतं का? – एक आजी, सोलापूर

आजी, बाळाला काय जाणवतं हे ते सांगू शकत नाही, पण त्याचा कान आधार गेल्याचं ओळखतो हे नक्की. डोकं थोडं जरी मागं-खाली गेलं तरी बाळ दोन्ही हात बाजूला फेकतं, बोटं पसरतं, मग हात परत जवळ घेतं आणि रडतं. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञानं १९१८ मध्ये या प्रतिक्षिप्त क्रियेचं वर्णन केलं, तेव्हापासून ती त्याच्या नावानं ओळखली जाते. निरोगी बाळात ती असायलाच हवी. चार ते सहा महिन्यांत ती आपोआप मावळते.

ठेवताना बाळाला लांब हातांवर न धरता छातीशी धरूनच वाका, तुमचे हात अंथरुणाला टेकेपर्यंत. आधी पाय आणि बूड टेकवा, मग पाठ, सगळ्यांत शेवटी डोकं. डोक्याखालचा हात लगेच काढू नका, पाच-दहा सेकंद थांबा आणि मग हळूच सरकवा. दुसरा तळवा छातीवर अलगद ठेवून ठेवा. झोळी असेल तर ती आधी एका हातानं स्थिर करा, कारण बाळ टेकताना झोळी खाली झुकली की तेवढ्यानंही ते दचकतं. आणि हसवण्यासाठी एवढ्या लहान बाळाला हवेत उडवणं पूर्ण बंद, मान अजून धरलेली नसते.

बाळ फक्त एकाच बाजूचा हात फेकत असेल, तर बाळंतपणात गळपट्टीचं हाड किंवा हाताच्या चेता दुखावलेल्या असू शकतात. दोन्ही हात कधीच हलत नसतील किंवा सहा महिन्यांनंतरही दचकणं तसंच चालू असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जमलं तर दचकतानाचं छोटं चित्रण फोनवर सोबत न्या.